ओले शिरस्त्राण कसे वाळवावे?

पावसाळ्यात मोटारसायकल वा स्कूटर चालविणाऱ्याचे कपडे आणि जोडे भिजतात, त्याचप्रमाणे त्याचे शिरस्त्राणही भिजते. नेहमीच्या बोलण्यात ज्याला हेल्मेट म्हणतात तेच हे शिरस्त्राण. कपडे दोरीवर टाकता येतात, जोड्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबता येतात. शिरस्त्राण मात्र घरी आल्यावर कोपऱ्यात ठेवले जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते जवळजवळ तितकेच ओले असल्याचे आढळते. त्याच्या अस्तरात पावसाच्या पाण्याबरोबर घाम आणि केसांचे तेलही मुरलेले असते. अशा ओलाव्यात सूक्ष्म जंतू आणि बुरशी झपाट्याने वाढतात. ताज्या घामाला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. जंतू त्यातील द्रव्यांचे विघटन करतात, तेव्हा दुर्गंधी निर्माण होते.

प्रश्न केवळ गैरसोयीचा असता तर त्याचा एवढा विचार करण्याचे कारण नव्हते. परंतु ओले आणि कुबट शिरस्त्राण डोक्यावर चढविणे नकोसे वाटते, आणि ‘आज तर जवळच जावयाचे आहे’ अशी मनाची समजूत घालून ते घरीच ठेवले जाते. याउलट काही जण ते घाईने वाळविण्यासाठी शेगडीजवळ, तापलेल्या इंजिनावर किंवा केस वाळविण्याच्या यंत्रापुढे धरतात. त्याने शिरस्त्राण वाळते खरे. पण डोके वाचविण्याची त्याची शक्ती त्याच वेळी उणी होण्याचा संभव असतो. म्हणून शिरस्त्राण वाळवावयाचे ते कसे, हा प्रश्न अखेरीस सुरक्षिततेचा आहे. पदार्थविज्ञानातील काही साधे नियम नीट समजून घेतले, तर एका लहान पंख्याच्या साहाय्याने तो घरच्या घरी सोडविता येतो.

१. शिरस्त्राणाची रचना

मोटारसायकलस्वाराच्या डोक्याच्या इजांचा शास्त्रीय अभ्यास प्रथम इंग्लंडमध्ये नेटाने झाला. ‘अरबस्तानचा लॉरेन्स’ म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ साली मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून मृत्यू पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हे मज्जाशल्यतज्ज्ञ होते. पुढे केर्न्स यांनी सैन्यातील मोटारसायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास केला आणि शिरस्त्राणामुळे डोक्याच्या इजा सौम्य होतात, हे १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखवून दिले. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने दुचाकीस्वाराला शिरस्त्राण आवश्यक ठरविले आहे, आणि भारतीय मानक ब्यूरोने त्यासाठी आय. एस. ४१५१ हे मानक निश्चित केले आहे.

आजच्या शिरस्त्राणात तीन मुख्य थर असतात. बाहेरचे कठीण कवच प्लॅस्टिकचे किंवा तंतुकाचेचे असते. त्याच्या आत पांढऱ्या, हलक्या, फुगविलेल्या पॉलिस्टायरीनचा जाड थर असतो. नाजूक यंत्रे खोक्यात भरताना सभोवती जो पांढरा थर्मोकोल ठेवतात, त्याच जातीचा हा पदार्थ होय. तिसरा थर स्पंज आणि कापड यांच्या अस्तराचा; तो डोक्याला टेकतो.

प्राण वाचविण्याचे मुख्य कार्य मधला थर करतो. आघात होताच त्यातील हवेने भरलेल्या असंख्य बारीक पेशी चिरडतात. ह्या चिरडण्यात आघाताची पुष्कळशी ऊर्जा खर्ची पडते आणि डोके थांबण्यास किंचित अधिक अवधी मिळतो. तो अवधी सेकंदाच्या काही हजारांश भागांचाच असतो. पण मेंदूच्या दृष्टीने त्याचे मोल फार मोठे आहे.

पॉलिस्टायरीन सुमारे १०० अंश सेल्सिअस तापमानाला मऊ पडते. त्याचे फुगविलेले रूप तर त्याच्याही आधी आकसू लागते. केस वाळविण्याच्या यंत्राच्या तोंडाशी हवा इतकी तप्त असू शकते. थर एकदा आकसला, त्याच्या पेशी विरूप झाल्या किंवा तो कवचापासून सुटला, की पूर्वस्थितीवर येत नाही. आणि बाहेरून पाहणाऱ्याला ह्याची कल्पनाही येत नाही. पेट्रोल आणि रंग पातळ करण्याचे द्रव ह्यांनीही हा पदार्थ विरघळतो, म्हणून शिरस्त्राण त्यांनी कधीही पुसू नये.

पॉलिस्टायरीनच्या पेशी बंद असल्यामुळे तो थर पाणी फारसे शोषून घेत नाही. पाणी साठते ते स्पंज आणि कापड ह्यांत. वाळवावयाचे असते ते एवढे अस्तर. आणि जपावयाचा असतो तो त्याच्या लगत असलेला पांढरा थर.

२. शिरस्त्राण लवकर का वाळत नाही?

दोरीवर टाकलेल्या सदऱ्याच्या दोन्ही बाजूंनी हवा वाहते. शिरस्त्राणाच्या अस्तराला एकच बाजू मोकळी असते. दुसऱ्या बाजूने कवच आणि पॉलिस्टायरीन ह्यांची भिंत असते. त्यातून पाण्याची वाफ बाहेर जात नाही आणि बाहेरची उष्णताही सहजासहजी आत येत नाही.

बाष्पीभवनाला उष्णतेची गरज असते. ३० अंश तापमानाच्या पाण्याचा १ ग्रॅम वाफेत रूपांतरित होताना सुमारे २४३० ज्यूल उष्णता शोषून घेतो. समजा, अस्तरात ६० ग्रॅम पाणी आहे. ते सर्व उडून जाण्यास सुमारे १ लाख ४६ हजार ज्यूल उष्णता लागेल. अर्धा लीटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत नेण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढीच ही आहे. विस्तव न लावता एवढी उष्णता पुरविणार कोण? ती पुरविते अस्तराजवळची हवा. उष्णता देता देता ती हवा स्वतः थंड होते आणि बाष्पाने भरून जाते.

येथे एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट घडते. थंड हवा गरम हवेपेक्षा जड असते. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असली, तरी येथे तिचे प्रमाण इतके अल्प असते की थंडाव्याने येणारा जडपणाच वरचढ ठरतो. त्यामुळे शिरस्त्राण तोंड वर करून ठेवल्यास ही थंड, ओलसर हवा वाटीत पाणी साचावे तशी त्यात साचून राहते. ते टेबलावर पालथे ठेवल्यास तिच्या बाहेर पडण्याच्या वाटाच बंद होतात. दोन्ही प्रकारांत आतली हवा लवकरच संपृक्त होते, म्हणजे तिला आणखी बाष्प सामावून घेता येत नाही, आणि बाष्पीभवन जवळजवळ थांबते.

ह्यावरून दोन गोष्टी ठरतात. शिरस्त्राणाचे तोंड खाली असावे, पण ते जमिनीपासून उंच असावे. आणि आतली हवा सतत बदलत राहावी.

३. हवेची भूक

हवेत बाष्प किती मावते हे तिच्या तापमानावर अवलंबून असते. ३० अंश तापमानाच्या १ घनमीटर हवेत अधिकांत अधिक सुमारे ३० ग्रॅम बाष्प राहू शकते, ४० अंशांच्या हवेत सुमारे ५१ ग्रॅम. प्रत्यक्षात असलेले बाष्प ह्या कमाल मर्यादेच्या शेकडा किती आहे, ते सांगणाऱ्या आकड्याला सापेक्ष आर्द्रता म्हणतात.

मुंबई, पणजी किंवा मंगळूर येथे जुलै महिन्यात सापेक्ष आर्द्रता पुष्कळदा ८५ टक्क्यांच्या आसपास असते. वरवर पाहता अशा हवेत आणखी १५ टक्के, म्हणजे घनमीटरमागे साडेचार ग्रॅम बाष्प मावावे. पण तसे घडत नाही. कारण बाष्प घेताना हवा थंड होते आणि थंड होताच तिची मर्यादाही खाली येते. हिशेब केला असता ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेची हवा घनमीटरमागे केवळ १ ग्रॅमच्या आसपास बाष्प घेऊन संपृक्त होते, असे आढळते. याउलट राजस्थानातील उन्हाळ्यात हवा ४० अंश तापमानाची आणि २० टक्के आर्द्रतेची असेल, तर तीच एक घनमीटर हवा सुमारे ८ ग्रॅम बाष्प उचलते. जयपूरला मे महिन्यात घामाने भिजलेले शिरस्त्राण आपोआप वाळते आणि कोकणात श्रावणात ते रात्रभर ओले राहते, ह्याचे इंगित ह्या दोन आकड्यांत आहे.

मग पावसाळी हवेने शिरस्त्राण वाळणारच नाही काय? वाळेल, मात्र एका घनमीटरचे काम तेथे अनेक घनमीटरांकडून करवून घ्यावे लागेल. संगणकाच्या पेटीत बसवितात तो १२ सेंटिमीटरचा लहान पंखा मोकळ्या जागी ताशी सामान्यतः ६० ते १०० घनमीटर हवा ढकलतो. नळ आणि शिरस्त्राण ह्यांच्या अडथळ्यामुळे ह्यांपैकी केवळ २० घनमीटर हवा आत पोचते, आणि तीही आपल्या क्षमतेच्या निम्मेच बाष्प उचलते, असे धरू. तरीसुद्धा ताशी १० ग्रॅम पाणी बाहेर जाईल. ६० ग्रॅम पाण्याला सहा तास लागतील. शेवटी शेवटी वाळण्याचा वेग मंदावतो, तेव्हा आठ ते दहा तास धरावेत. म्हणजे संध्याकाळी ठेवलेले शिरस्त्राण सकाळी वापरण्याजोगे होईल.

हवा दहा अंशांनी तापविली तर ती चौपट बाष्प उचलू शकेल, हे खरे. पण रात्रीचा वेळ हाताशी असताना ही घाई अनावश्यक आहे. ओल्या वस्तूखाली विजेचा दिवा किंवा तापक ठेवण्यात विजेचा धक्का, आग आणि पॉलिस्टायरीनची हानी असे तिहेरी भय आहे. म्हणून पुढे वर्णन केलेल्या साधनात उष्णतेचा उपयोग मुळीच केलेला नाही.

४. साहित्य

(१) १२ व्होल्टवर चालणारा, १२ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा संगणकाचा पंखा. जुन्या, निकामी संगणकातील पंखाही चालतो.

(२) पंख्यावर लिहिलेल्या विद्युत्प्रवाहाहून अधिक प्रवाह देऊ शकणारा १२ व्होल्टचा अडॅप्टर. १ अँपिअरचा अडॅप्टर बहुधा पुरेसा होतो.

(३) सांडपाण्यासाठी वापरतात तो ११ सेंटिमीटर व्यासाचा पीव्हीसी नळ, लांबी ४० सेंटिमीटर.

(४) ३५ सेंटिमीटर लांबी-रुंदीची जाड प्लायवुडची फळी आणि १० सेंटिमीटर उंचीचे चार लाकडी ठोकळे.

(५) काटकोनी लोखंडी पट्ट्या तीन, स्क्रू, बारीक तारेच्या जाळीचा तुकडा, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, विजेची चिकटपट्टी आणि कानस.

५. कृती

फळीच्या मध्यभागी १० सेंटिमीटर व्यासाचे गोल भोक पाडावे. चार कोपऱ्यांना ठोकळे ठोकून फळी जमिनीपासून उंच करावी. ह्या मोकळ्या जागेतून पंख्याला हवा मिळते. पंखा भोकाच्या बरोबर खाली, फळीच्या खालच्या अंगाला, चार स्क्रूंनी बसवावा. तो हवा वर फेकील अशा बाजूने असावा. पंख्याच्या चौकटीवर दिशा दाखविणारा बाण असल्यास तो पाहावा. नसल्यास पंखा क्षणभर चालवून कागदाची पट्टी कोणत्या बाजूला उडते ते पाहावे. पंख्याच्या खालच्या बाजूस जाळी लावावी, म्हणजे मुलांची बोटे किंवा कागदाचे कपटे पात्यांत जाणार नाहीत.

नळाच्या एका टोकाला, सारख्या अंतरावर, ४ सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर खोल अशा चार खाचा कापाव्यात. मग त्या टोकाला किल्ल्याच्या कंगोऱ्यांसारखे चार दाते उरतील. कापलेल्या कडा कानसीने गुळगुळीत कराव्यात आणि दात्यांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवून ते घट्ट बांधावेत. शिरस्त्राणाचा माथा ह्या चार दात्यांवर टेकावयाचा असल्याने ते टोचणार नाहीत अशी काळजी घ्यावी. नळाचे दुसरे टोक फळीवरील भोकाभोवती ठेवून ते तीन काटकोनी पट्ट्यांनी पक्के करावे. नळ आणि फळी ह्यांच्यामध्ये फट राहिल्यास ती चिकटपट्टीने बुजवावी. अन्यथा हवा तेथूनच निसटते.

पंख्याची तांबडी तार अडॅप्टरच्या धन टोकाला आणि काळी तार ऋण टोकाला जोडावी. सांधे चिकटपट्टीने झाकावेत. अडॅप्टर फळीवर न ठेवता भिंतीवरील खटक्याजवळ, पाण्यापासून दूर राहील असे पाहावे. अडॅप्टर उघडणे किंवा घरातील मुख्य विजेच्या तारांशी खटपट करणे सर्वथा टाळावे. शाळेत हे साधन विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखालीच तयार करावे.

पंख्याची हवा आता नळातून वर चढते, चार खाचांतून चहूकडे फुटते, अस्तराला घासून खाली उतरते आणि शिरस्त्राणाच्या काठाखालून बाहेर पडते. थंड, ओली हवा आपल्या जडपणाने ज्या दिशेने जाऊ पाहते, त्याच दिशेने पंखा तिला नेतो. काठ आणि फळी ह्यांच्यामध्ये किमान १० सेंटिमीटर अंतर राहिले पाहिजे.

६. वापरण्याची रीत

पंख्याआधी टॉवेलचा उपयोग करावा. शिरस्त्राण झटकून, कोरडा टॉवेल अस्तरावर जोराने दाबून जेवढे पाणी टिपता येईल तेवढे टिपावे. टॉवेलने टिपलेल्या प्रत्येक ग्रॅमासाठी २४३० ज्यूल वाचतात, आणि ह्या कामाला मिनिटभर पुरते. अस्तर सुटे होणारे असेल, तर ते काढून सौम्य साबणाच्या पाण्यात धुवावे आणि दोरीवर वेगळे वाळत घालावे. पाणी ठिबकणे पूर्ण थांबल्यावाचून शिरस्त्राण साधनावर ठेवू नये, कारण नळाच्या खालीच पंखा आहे.

मग समोरची काच वर करावी, हवेची छिद्रे उघडावीत, पट्टा मोकळा सोडावा आणि शिरस्त्राण नळावर चढवावे. रात्री एकदा ते थोडे फिरवून ठेवल्यास दात्यांखाली दबलेला भागही वाळतो.

खोलीचाही विचार करावा. ३० घनमीटरच्या बंद खोलीत ६० ग्रॅम पाणी उडाले, तर घनमीटरमागे २ ग्रॅम बाष्पाची भर पडते. ३० अंश तापमानाला ८५ टक्के आर्द्रता असलेली हवा त्यामुळे सुमारे ९२ टक्क्यांपर्यंत जाईल. म्हणून साधन कपाटात किंवा न्हाणीघरात न ठेवता, हवा खेळती असलेल्या खोलीत ठेवावे. घरात शीतकपाट असल्यास त्याच्या मागच्या बाजूने निघणारी कोमट हवा जेथे येते ती जागा विशेष चांगली. ह्या हवेने शिरस्त्राणाला अपाय होत नाही आणि ती अधिक बाष्प उचलते.

असा पंखा सामान्यतः ३ वॉटच्या आसपास वीज घेतो. दहा तासांत ३० वॉट-तास, म्हणजे विजेच्या एका युनिटाचा सुमारे तेहतिसावा भाग खर्च होतो.

वीज नसेल तेथे शिरस्त्राणात वर्तमानपत्राचे बोळे भरावेत आणि ते ओले होताच बदलावेत. नंतर शिरस्त्राण दोन विटांवर, तोंड खाली करून, वाऱ्याच्या वाटेत पण सावलीत ठेवावे. पंख्याइतके नव्हे, तरी कोपऱ्यात ठेवण्यापेक्षा हे निश्चित चांगले.

७. शाळेसाठी प्रयोग

साधनाचा खरा उपयोग किती, हे वजनकाट्याने ठरविता येते. १ ग्रॅमपर्यंत अचूक असा स्वयंपाकघरातील काटा घ्यावा. कोरड्या शिरस्त्राणाचे वजन करून लिहून ठेवावे. अस्तरावर ६० ग्रॅम पाणी सारखे शिंपडावे आणि पुन्हा वजन घ्यावे. मग पंखा चालू करून दर तासाला वजनाची नोंद करावी. दुसऱ्या दिवशी तेच शिरस्त्राण तेवढेच भिजवून, पंखा न लावता, टेबलावर पालथे ठेवावे आणि तशाच नोंदी घ्याव्यात.

दोन्ही दिवशी हवा सारखी होती की नाही हे पाहण्यासाठी दोन तापमापक घ्यावेत. एकाच्या फुग्याभोवती ओली कापडी वात गुंडाळावी आणि दोहोंवर वारा घालावा. ओला तापमापक कोरड्यापेक्षा जितका खाली उतरेल, तितकी हवेची भूक अधिक. कोरडा तापमापक ३० अंश आणि ओला २८ अंश दाखवीत असेल, तर सापेक्ष आर्द्रता सुमारे ८५ टक्के आहे असे समजावे.

वेळ आडव्या अक्षावर आणि उरलेले पाणी उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढावा. पंख्याचा आलेख आरंभी जवळजवळ सरळ रेषेत उतरतो, कारण अस्तराचा पृष्ठभाग ओला असेपर्यंत वाळण्याचा वेग कायम राहतो. पुढे रेषा आडवी होऊ लागते. आता पृष्ठभाग कोरडा पडलेला असतो आणि स्पंजाच्या आतले पाणी हळूहळू बाहेर यावे लागते. ह्या अवस्थेत पंख्याचा वेग वाढविल्याने फारसा लाभ होत नाही. केवळ थांबावे लागते. हाताला कोरडे लागलेले शिरस्त्राण आतून ओले असू शकते, हे ह्या वळणावरून कळते.

८. एकाच नियमाची अनेक रूपे

येथे सांगितलेला नियम शिरस्त्राणापुरता मर्यादित नाही. नाशिक जिल्ह्यातील शेतकरी कांदाचाळीचा तळ जमिनीपासून उंच ठेवतात आणि तिच्या भिंतींना फटी ठेवतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. कोकणच्या किनाऱ्यावर मासळी बांबूंवर टांगून सुकवितात, तेथेही सूर्याइतकेच वाऱ्याचे साहाय्य घेतलेले असते. वाळविणे म्हणजे तापविणे, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. परंतु वाळविणे म्हणजे मुख्यतः ओली हवा दूर करून तिच्या जागी कमी ओली हवा आणणे होय. उष्णता त्या कामाला वेग देते. पण जी वस्तू उष्णतेने बिघडते, तिच्यासाठी वारा आणि वेळ ह्या दोहोंवरच विसंबणे शहाणपणाचे ठरते.

शिरस्त्राण ही अशीच वस्तू आहे. ते कोरडे आणि स्वच्छ असले म्हणजे वापरले जाते, आणि त्यातील पांढरा थर शाबूत असला म्हणजेच प्रसंगी उपयोगी पडते. एक लहान पंखा, हातभर नळ आणि एक रात्र एवढ्यांतून ह्या दोन्ही गोष्टी साधतात.